पोलीस ॲक्शन म्हणे!



पोलीस लाठी मारतो, कोठडीत घालतो, फार तर गोळी झाडतो. पोलिसाकडं रणगाडा नसतो. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापुरातून हैदराबादच्या रस्त्याला जे लागलं त्यात रणगाडे होते, तोफा होत्या, वर विमानं होती. मेजर जनरल जे. एन. चौधरींची चिलखती डिव्हिजन होती ती. पहिली चकमक नळदुर्गाला, बोरी नदीवर. पाचव्या दिवशी, १७ तारखेला, सातवा निजाम उस्मान अली खान यानं हात टेकले. दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती एल इद्रूस शरण आला. लष्करानं या मोहिमेला नाव दिलं ऑपरेशन पोलो. आणि दिल्लीनं जगाला सांगितलं, पोलीस ॲक्शन!

आमच्या मास्तरांनी तेच फळ्यावर लिहिलं, आम्ही वहीत उतरवलं. त्या उत्तरात मेलेल्या माणसांचा आकडा नव्हता.

हे नाव मोठं सोयीचं आहे. पोलिसांची कारवाई म्हटली की मेलेला माणूस गुन्हेगार ठरतो, नाहीतर कुणी मोजतच नाही. लढाईचं स्मारक असतं, कारवाईचं फक्त पंचनाम्याचं कागद, तेही गहाळ. पलीकडं मराठवाड्यात त्याला मुक्तिसंग्राम म्हणतात आणि दर १७ सप्टेंबरला झेंडा चढतो. त्या झेंड्याशी माझं भांडण नाही. निजामाचं राज्य जायलाच पाहिजे होतं. पण मी त्या सगळ्या काळाला यादवी म्हणतो. १९४६ पासून १९५१ पर्यंत त्या मुलखात गावातल्या माणसानं गावातल्याच माणसाला मारलं, त्याचं घर जाळलं, त्याच्या बायका पळवल्या, त्याची जमीन नांगरली. याला दुसरा कुठला शब्द आहे तुमच्याकडं?

मी मंद्रूपचा. दक्षिण सोलापूर, विजापूर रोड, भीमेच्या अलीकडं. आमचा गाव मुंबई इलाख्यात, इंग्रजाच्या राज्यात. निजामाची हद्द पूर्वेला, तुळजापूर-नळदुर्गाच्या अंगानं. पण हद्द सरकारची. आमच्या वस्तीच्या सोयरिकी अलीकडं तशा पलीकडं, सुगीला माणसं इकडून तिकडं जायची, पोरी तिकडं द्यायच्या. माझ्या पणजीची बहीण नळदुर्गापुढं एका गावात दिलेली. तिचं पुढं सांगतो.

निजामाचं राज्य म्हणजे ८२ हजार चौरस मैल, १६ जिल्हे, दीड कोटीच्या वर लोक. राजा मुसलमान, बहुतेक रयत हिंदू. बस्स, पुस्तक इथंच थांबतं. जमीन कुणाची होती हे पुस्तक विचारत नाही. जमीन जहागीरदाराची होती, देशमुखाची होती, वतनदाराची होती, आणि यात दोन्ही धर्मांचे लोक होते. वेठ मात्र एकाच वाड्यातून जायची. तेलंगणातल्या शेतकऱ्यांनी आणि कम्युनिस्टांनी १९४६ ला हत्यार उचललं ते देशमुखांविरुद्ध आणि वेठीविरुद्ध. त्यांचे देशमुख हिंदूच होते! निजाम गेल्यावर भारताचं लष्कर याच शेतकऱ्यांवर गेलं आणि लढा १९५१ ला मागं घेतला गेला. निजामाला पाच दिवस लागले, शेतकऱ्याला तीन वर्षं. कोण कुणाचा शत्रू होता ते यावरनं कळतं.

आता रझाकार. या शब्दाचा साधा अर्थ स्वयंसेवक. लातूरचा वकील कासिम रझवी त्यांचा म्होरक्या. हातात बंदूक आली, वर सरकारचा हात आला आणि स्वयंसेवक गावं लुटायला लागले. खंडणी, जाळपोळ, बलात्कार. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याला त्यांनी कत्तल केली. ऑगस्टमध्ये हैदराबादेत 'इमरोज'चा संपादक शोएबउल्ला खान याला रस्त्यात गाठून मारलं, कारण भारतात सामील व्हा असं त्यानं लिहिलं. लिहिणारा हातसुद्धा तोडला. शोएबउल्ला मुसलमान होता. रझाकारांना पांघरूण घालणारा आमचा नाही, हे एकदा मोठ्यानं सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून काही लोक तेच म्हणणार आहेत.

आणि आपण? आपण कुठं होतो?

आपल्याला दोन्हीकडून ओढत होते. इत्तेहादवाले म्हणत होते, या, कलमा पढा, माणूस व्हाल. मागनं आर्यसमाजी येत होते, चला, शुद्ध करून घेतो. जणू आपण घाण कपडा! हजार वर्षं विहिरीला शिवू न देणाऱ्यांना एकदम डोकी मोजायची वेळ आली तेव्हा आपण हिंदू झालो, आणि राज्याचा पाया हलला तेव्हा निजामाला आपण त्याची लाडकी रयत झालो. बी. एस. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात बसले. श्यामसुंदर तर हैदराबादची बाजू मांडायला संयुक्त राष्ट्रांत गेले. औरंगाबादेत जन्मलेला आपला माणूस, जगाच्या कचेरीत, निजामाच्या वतीनं.

बाबासाहेबांचं मत वेगळं होतं. २७ नोव्हेंबर १९४७ ला त्यांनी पत्रक काढून पाकिस्तानातल्या आणि हैदराबादेतल्या आपल्या लोकांना बजावलं की सवर्ण हिंदूंचा राग आला म्हणून मुस्लिम लीगला जवळचं मानू नका, धर्मांतर हा सोपा रस्ता समजू नका, निजामाच्या बाजूला जाऊन समाजाला खाली पाहायला लावू नका. हेच बाबासाहेब १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला, निजामाच्याच मुलखात, महार-मांगांची परिषद घेऊन गेले होते. मुलूख त्यांना माहीत होता. बाबासाहेब बरोबर होते असं मी म्हणतो. पण श्यामसुंदरवर थुंकणाऱ्यांना विचारतो, त्या वेळी गावात महाराला जमिनीचा तुकडा द्यायला कोण तयार होतं? काँग्रेसचे देशपांडे? पुढं याच श्यामसुंदरनी १९६८ ला गुलबर्ग्यात भीमसेना काढली, पँथरच्या चार वर्षं आधी. आपल्या सभेत त्यांचं नाव निघत नाही. निजामाचा शिक्का बसला तो बसला.

हा शिक्का गावागावात कसा बसला ते पणजीच्या बहिणीकडं बघा. तिच्या गावात महारांनी गायरान फोडून जोंधळा केला होता. तहसीलच्या माणसानं हरकत घेतली नाही, एवढाच निजामाचा उपकार. रझाकार आले की ओझी उचलायला महारवाड्यातनं माणसं न्यायचे. नाही म्हटलं तर बंदुकीचा दस्ता. लष्कर पुढं निघून गेलं आणि तीन दिवसांनी गावानं आधी मुसलमानांची घरं पेटवली, मग महारवाडा. कारण काय, तर तुम्ही रझाकाराचं ओझं वाहिलं! आयुष्यभर गावाचं ओझं वाहिलं त्याचं काही नाही. ती नेसत्या लुगड्यानिशी दोन पोरं घेऊन चालत मंद्रूपला आली. तिचा नवरा आला नाही. गायरानातला जोंधळा कुणी कापला ते सगळ्या गावाला माहीत. ही गोष्ट आमच्या घरात रडून कुणी सांगत नाही. जोंधळ्याच्या हिशेबासारखी सांगतात, किती पोती झाली असती.

दिल्लीला वास लागला होता. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघे १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात या मुलखात फिरले. नऊ जिल्हे, शंभरावर गावांतल्या लोकांच्या जबान्या. त्यांनी हात राखून आकडा दिला तो असा : कारवाईच्या काळात आणि त्यानंतर सगळ्या संस्थानात २७ हजार ते ४० हजार माणसं मेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांत १८ हजारांच्या खाली नाहीत. लातुरात वीसहून जास्त दिवस कापाकापी चालली. तिथं दहा हजारांच्या आसपास मुसलमान होते, समितीला जेमतेम तीन हजार दिसले. काही ठिकाणी फौजेच्या आणि पोलिसांच्या माणसांनीच मुसलमान बाप्यांना बाहेर काढून उडवलं, हेही लिहिलंय. एकूण फौज शिस्तीत वागली, हेही लिहिलंय. लपवाछपवी करायला बसलेले लोक नव्हते ते. म्हणूनच सरकारनं अहवाल कपाटात घातला. तो उघडपणे लोकांच्या हातात पडायला २०१३ साल उजाडलं. पासष्ट वर्षं!

त्या अहवालात आमच्या जिल्ह्याचंही नाव आहे. सोलापूर आणि दुसऱ्या शहरांतून एका नावाजलेल्या हिंदू जातीय संघटनेची हत्यारबंद, शिकवून तयार केलेली माणसं आली आणि काही भागांत त्यांनीच दंगलीचं पुढारपण केलं, असं समितीला सांगण्यात आलं. काही कम्युनिस्टांवरही तोच ठपका आहे. रणगाड्यांच्या मागनं हे गेले. सोलापूरकरांनो, चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला दरवर्षी हार घालता ना? १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले ते मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेनच्या गावातनं सतरा वर्षांनी लांडगे निघाले मुसलमान शोधत.

एक गोष्ट मात्र त्याच अहवालात मला सापडली आणि मी ती टोळीतल्या पोरांना वाचून दाखवली. एका ठिकाणी हिंदू विणकरांनी बाहेरून आलेल्या हिंदू टोळ्यांना अडवलं आणि आपल्या जोडीच्या मुसलमान विणकरांना वाचवलं. त्यात स्वतःची माणसं गमावली. एका मागावर बसणारी, एका सुतावर जगणारी माणसं. यांच्या नावाचा चौक कुठंही नाही.

उलट ज्यांच्या नावानं हे सगळं झालं त्यांचं काय झालं ते बघा. निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत त्याच हैदराबादचा राजप्रमुख. वर तनखा. लायक अली १९५० ला नजरकैदेतनं निसटून पाकिस्तानात. कासिम रझवी १९५७ ला तुरुंगातनं सुटला, कराचीला गेला, १९७० ला अंथरुणात मेला. चौधरी पुढं देशाचे लष्करप्रमुख. देशमुखांचे वाडे शाबूत, पोरं आमदार. गेलं कुणाचं? लातूरच्या रस्त्यावरच्या गरीब पिंजाऱ्याचं, तांबोळ्याचं. आणि महारवाड्याचं. सुंदरलाल समितीनं हिंदू आणि मुसलमान या दोन रकान्यांत माणसं मोजली. आपल्यासाठी तिसरा रकाना नव्हता. जाळताना निजामाचे, मोजताना हिंदू!

ही यादवी १९४८ ला संपली असं कुणी म्हणत असेल तर त्यानं गायरानावर जाऊन उभं राहावं. निजाम गेला, गायरानं गावाच्या ताब्यात गेली. १९५३ ला मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तो याच जमिनीसाठी. १९६४-६५ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं देशभर लोकांनी तुरुंग भरले. २८ नोव्हेंबर १९९१ ला सरकारनं ठराव काढला की १४ एप्रिल १९९० पर्यंत कसत असलेल्या दलितांची गायरानं नावावर करू. नावावर करू! किती तलाठ्यांनी केली? सातबारा मागायला गेलं की साहेब मिटिंगमध्ये. २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असा निकाल दिला. त्यात भूमिहीनांना आणि दलित-आदिवासींना दिलेल्या जमिनीचा अपवाद होता. निकाल गावात पोचला, अपवाद पोचला नाही.

आणि नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं. त्या रात्रीपासून मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेला मारलं. झोपड्या जाळल्या, विहिरींत घाण टाकली, उभी पिकं कापली. पुन्हा पिकंच! विरोध करणाऱ्यांचं म्हणणं काय होतं? मराठवाडा ही आमची अस्मिता, मुक्तिसंग्रामातून आलेली. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारखी माणसं विरोधात उभी राहिली. ही माणसं निजामाविरुद्ध लढलेली होती, तुरुंगात गेलेली होती, त्यांचा त्याग मी नाकारत नाही. पण ज्या मुक्तीत महारवाडा जळाला त्या मुक्तीच्या नावानं दुसऱ्यांदा महारवाडा जळत होता, आणि त्यांना दोन्हींतला धागा दिसला नाही. सोळा वर्षं लागली. १४ जानेवारी १९९४ ला नामांतर नाही, नामविस्तार दिला. त्याआधी दोनच महिने गौतम वाघमारेनं नांदेडला स्वतःला पेटवून घेतलं होतं.

हे सगळं आता का उकरतो? कारण आता पुन्हा माणसं गोळा करणं चालू आहे. उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ ला. निजामाचं नाव पुसलं, बरं झालं म्हणा. पण नाव बदलायला निघालेल्या मिरवणुकीत पुढं नाचायला आपल्या वस्तीतली पोरं. डोक्याला फडकं, हातात झेंडा, संध्याकाळी बिर्याणी नाहीतर वडापाव, आणि तोंडात 'रझाकाराची औलाद'. गोदीवर माझ्या टोळीत लातूरकडचा एक पोरगा आहे, आपल्यातलाच. लोखंडाच्या कॉइलला साखळी बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या मुसलमानाला तो हसत हसत रझाकार म्हणाला. म्हातारा उमरग्याकडचा. त्यानं वर पाहिलं नाही, साखळी आवळली आणि क्रेनवाल्याला हात केला. पाळी सुटल्यावर मी पोराला विचारलं, का बे, तुझ्या आज्याची जमीन कुणी घेतली, रझाकारानं का पाटलानं? तो म्हणाला, आज्यानं कधी सांगितलं नाही.

तेच तर आहे. आज्यांनी सांगितलं नाही, आपण विचारलं नाही, आणि मधल्या जागेत दुसऱ्यांनी आपली गोष्ट भरली. एक टोळी म्हणते तुम्ही हिंदू म्हणून सोसलं. दुसरी टोळी मतं मागायला येते तेव्हा म्हणते दलित-मुसलमान भाई भाई, आणि १९४८ च्या आधी रझाकारांनी आपल्या बायाबापड्यांचं काय केलं हे गिळून टाकते. दोघांनाही आपला हिशेब नको आहे.

स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ यादवी झाली. हुकूमशहा मेला तरी देश गप्पच होता. २००० सालापासून नातवंडं फावडी घेऊन निघाली आणि रस्त्याकडेचे खड्डे उकरून आजोबांची हाडं ओळखून काढायला लागली. आपल्याकडं विहिरी आहेत. नळदुर्गापासून लातूरपर्यंत म्हातारी माणसं अजून बोट करून दाखवतात की ही विहीर नंतर कुणी वापरली नाही.

१९४८ ला दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीला टेकलंय. या दिवाळीला गावाकडं जाल तेव्हा फटाक्यांआधी हे काम करा. आजी-आजोबांपुढं बसा. मोबाइलवर आवाज घ्या, नाहीतर वहीत लिहा. गाव कुठलं, त्या वेळी महारवाड्यात, मांगवाड्यात घरं किती होती, किती जळाली, आधी कोण आलं, नंतर कोण आलं, कोण मेलं, कोण परत आलं नाही. गायरान होतं का, कुणाकडं गेलं, गट नंबर आज कुणाच्या नावावर आहे. कुणी लपवलं असेल, भाकर दिली असेल, तेही लिहा, मग तो मराठा असो, लिंगायत असो, मुसलमान असो. रझाकारांत आपलं कुणी गेलं असेल तर तेही लिहा, खोडू नका. मुसलमान घरांतही जा, त्यांना विचारा. ते घाबरतील, घाई करू नका.

तालुकावार छापू. अक्कलकोट, उमरगा, तुळजापूर आधी, कारण तिथली काही वह्या-पानं आमच्याकडं येऊन पडली आहेत. मंद्रूपचं मी लिहितो आहे. नाव छापायचं नसेल तर वरच्या कोपऱ्यात तसं लिहा, छापणार नाही. गट नंबर मात्र छापू.